तळापासून वीस फूट

नदीवरच्या पुलाचा जो खांब काठावर उभा आहे, त्याच्यावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव आहे. ‘कुंचल्या पेंटर’. आम्हा पेंटर लोकांना ती खोडच असते. दुकानाची पाटी असो नाहीतर शाळेची भिंत, काम संपलं की उरलेल्या रंगात ब्रश बुडवायचा आणि कोपऱ्यात नाव टाकायचं. त्या नावावर मला आयुष्यभर कामं मिळाली. आणि त्याच नावावर, पूर उतरल्यावर चौथ्या दिवशी, लोक माझ्या दारात आले आणि त्यातल्या एकाने दारावर चिखलाचा गोळा फेकून मारला.

आता सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हीही एखादा गोळा माराल.

मी शिकलो चौथीपर्यंत. वाचायला मला आजही वेळ लागतो, पण अक्षर काढायला लागत नाही. माझ्यासाठी अक्षर म्हणजे आकार. ‘क’चं पोट किती फुगवायचं, ‘श’ची गाठ कुठं मारायची, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं. म्हातारा कडक होता. आकडा वाकडा आला की टर्पेंटाईनचा बोळा तोंडावर फेकायचा. त्या खांबावरची पहिली मोजपट्टी त्यानेच रंगवलेली. शून्य ते वीस फूट. पिवळ्यावर काळे आकडे, चौदावर लाल पट्टा. तेव्हा मी त्याच्या हाताखाली डबे धरायला होतो.

ही मोजपट्टी कशासाठी, ते सांगतो. पाऊस वाढला की नदी काठ चढते आणि खांबाला लागते. पुलाच्या टोकाला एक खोली आहे, तिथं भोंगेवाला बसतो. त्याने दर अर्ध्या तासाला पट्टी बघायची. पाणी चौदावर आलं की भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की खालच्या गल्ल्यांनी सामान माळ्यावर टाकायचं, म्हातारीकोतारी उचलायची आणि टेकाडावरच्या शाळेत जायचं. चौदा आणि सोळाच्या मध्ये दोन-अडीच तास मिळतात. सोळाला पाणी गल्लीत शिरतं. बास, एवढा साधा हिशेब. उस्ताद म्हणायचा, “पोरा, दुकानाच्या पाटीत चूक झाली तर गिऱ्हाईक हसतं. ह्या पाटीत चूक झाली तर हसायला कुणी राहत नाही.”

दोन वर्षांपूर्वी नदीकाठाचं सुशोभीकरण झालं. म्हणजे काय, तर जुना दगडी काठ होता त्याच्यावर काँक्रीट ओतलं, वर फरशी बसवली, बाकडी टाकली, माणसापेक्षा उंच दिवे लावले. बसायला बरं झालं, मी नाही म्हणत नाही. खांबालाही नवीन गिलावा केला. त्या गिलाव्यात उस्तादाचे आकडे गेले. उद्घाटन चार दिवसांवर आलं, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की पट्टीच राहिली. मला बोलावणं आलं.

हातात कागद दिला. मी अक्षर लावून लावून वाचला. ‘शून्य ते वीस फूट, तळापासून, समान अंतरावर रंगविणे.’

मी छोट्या साहेबांना विचारलं. छोटे साहेब म्हणजे त्या कामावरचा पोरसवदा इंजिनिअर. मी म्हटलं, “साहेब, शून्य कुठं धरू?”

ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, “खालून धर की. शून्य काय वरून असतं?”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. खालून म्हणजे खांब फरशीतून जिथं बाहेर आलाय तिथून. सुतळीला खडू लावला, दोरी मारली, फूट फूट अंतर पाडलं आणि रंगवत वर गेलो. परांचीवर अकराच्या आकड्याला आलो आणि माझा हात थांबला.

त्या खांबाला एक लोखंडी कडं आहे. जुन्या काळी होड्या बांधायचे त्याला. उस्तादाने चौदाचा आकडा रंगवताना त्या कड्याला ब्रश टेकवून श्वास घेतला होता, हे मला काल घडल्यासारखं आठवत होतं. लाल पट्टा बरोबर कड्यावर. आणि माझं कडं आलं होतं अकराला.

खाली उतरलो. म्हटलं, “साहेब, पूर्वी इथं चौदा होते. आता अकरा येतायत. तीन फुटांची गडबड आहे.”

छोट्या साहेबांनी वर बघितलं, कड्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, “कडं सरकलं असेल.”

लोखंडी कडं. दगडात शिसं ओतून बसवलेलं. ते म्हणे सरकलं असेल.

आणि मी काय केलं? वर चढलो आणि बारा काढला. हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढं सगळं ह्याच्यावरच आहे. मी वर चढलो आणि बारा काढला. मग तेरा. मग चौदा, लाल पट्ट्यासकट. मग कोपऱ्यात नाव टाकलं आणि घरी गेलो.

पूर आला तो दिवसाढवळ्या आला. सकाळपासून ओतत होतं. माझं घर वरच्या अंगाला आहे, पण ताई राहते खालच्या गल्लीत, तळमजल्यावर, रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम, मागच्या खोलीत दाजी. दाजींचं डावं अंग तीन वर्षांपासून गेलेलं, बोलणं अर्धं कळतं. सकाळी अकरा वाजायच्या सुमाराला ताईचा फोन. “अरे, मोरीतून पाणी वर येतंय. भोंगा तर नाही झाला?”

मी म्हटलं, “नाही झाला. झाला की बघू.”

असं म्हणालो मी. झाला की बघू.

भोंगेवाला बिचारा खिडकीतून बघत होता. खालच्या गल्लीत पाणी शिरलेलं आणि पट्टीवर तेरा. त्याने पालिकेच्या ऑफिसला फोन लावला. “साहेब, गल्लीत पाणी शिरलंय, भोंगा देऊ का?” तिकडून विचारलं, “पट्टी काय म्हणते?” म्हणाला, “तेरा.” “मग चौदा होऊ दे.” गेल्या वर्षी त्याने अंदाजाने भोंगा दिला होता, तेव्हा त्याला मेमो मिळाला होता. नागरिकांमध्ये घबराट पसरवल्याबद्दल. हा तो मेमो अजून खिशात घालून फिरतो. त्याने चौदा होऊ दिले. भोंगा वाजला तेव्हा ताई कमरेएवढ्या पाण्यात होती.

तिने दाजींना कापड बेतायच्या टेबलावर खुर्ची ठेवून खुर्चीत बसवलं, ओढणीने खुर्चीला बांधलं आणि स्वतः टेबलाला धरून उभी राहिली. एका हाताने हेल्पलाईन. तिकडून एक गोड बाई रेकॉर्डवर बोलायची, “आपण रांगेत एकशे बाराव्या क्रमांकावर आहात, कृपया प्रतीक्षा करा.” ताई मला नंतर म्हणाली, “नव्याण्णवपर्यंत आले होते रे मी. मग फोन भिजला.”

शहरात रबरी होड्या दोन. नव्याकोऱ्या, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. गोदामाला कुलूप आणि चावी ज्याच्याकडे तो प्रशिक्षणाला गेलेला. कसल्या प्रशिक्षणाला? पुरात लोकांना कसं वाचवायचं त्याच्या. मी थट्टा करत नाही.

ताईला आणि दाजींना काढलं गॅरेजवाल्याने. ट्रकच्या चार ट्यूब दोराने बांधल्या, वर दुकानाचं शटर टाकलं आणि गल्लीतून माणसं ओढत राहिला. भोंगा ऐकून मी धावत आलो होतो, गळ्याएवढ्या पाण्यात दोराच्या दुसऱ्या टोकाला होतो. एकवीस माणसं काढली आम्ही. लॉन्ड्रीवाला आणि त्याची आई राहिली. तो बाहेर आला होता, आईसाठी परत आत गेला. त्याच्या दुकानाची पाटी अजून तिथं आहे. ‘कपडे वेळेवर मिळतील’. अक्षरं माझी.

पूर उतरला. चिखल राहिला, आणि लोकांचा राग. पहिले तीन दिवस राग कुणावर काढायचा तेच कळेना. साहेब लोक बूट घालून आले, फोटो काढून गेले. टँकर आला तर त्यात पाणी नाही. बिस्किटं आली तर पुड्यावर एका माणसाचा हात जोडलेला फोटो. एक आजी म्हणाली, “ह्याला चहात बुडवू की पुडा फोडू?” मग चौथ्या दिवशी कुणीतरी खांबाजवळ गेलं. पाण्याची चिखलरेघ बघितली, माझे आकडे बघितले, आणि कोपऱ्यातलं नाव वाचलं. साहेबाचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझं होतं. मग तो गोळा.

सातव्या दिवशी शाळेच्या सभागृहात सुनावणी ठेवली. उभं राहायला जागा नव्हती. स्टेजवर पालिकेचे मोठे साहेब, बाजूला त्यांच्या हाताखालचे छोटे साहेब, आणि टेबलावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या. शहराला सहा दिवस प्यायला पाणी नाही आणि ह्यांच्यापुढं डझनभर बाटल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “साहेब, आम्हाला विचारू नका, आम्ही पोटभर प्यालोय!”

मोठे साहेब शांत होते. केस जागच्या जागी. कागद काढून वाचायला लागले. “प्राथमिक चौकशीत असं आढळून आलंय की पूरमापक पट्टीचे आकडे चुकीच्या ठिकाणापासून रंगवले गेले. त्यामुळे इशारा देण्यास विलंब झाला. कामाच्या आदेशात ‘तळापासून’ असा स्पष्ट उल्लेख आहे. संबंधित पेंटरने त्याचं पालन केलेलं नाही. त्याच्यावर योग्य ती कारवाई...”

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी भिंतीला टेकून उभा होतो, ती भिंतही मीच रंगवलेली. वाटलं, तिच्यात शिरता आलं तर बरं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाई उठल्या. गणिताच्या बाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अर्ध्या शहराला त्यांनी पाढ्यांवरून उभं केलेलं. त्या उठल्या की लोक आजही आधी आपली नखं बघतात.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “तळ म्हणजे कुठला?”

“तळ म्हणजे... तळ. खांबाचा तळ.”

“तो दिसतो का?”

“म्हणजे?”

“तुम्ही त्याच्यावर तीन फूट काँक्रीट ओतलंत. वर बाकडी ठेवलीत. खांबाचा तळ तुम्ही पुरलात आणि पेंटरला सांगितलंत, तळापासून रंगव. त्याने काय करायचं होतं, बुडी मारायची?”

सभागृह उसळलं. बाकं बडवायला लागले लोक. “बोला साहेब!” “तळ दाखवा आम्हाला!” “आधी होड्यांची चावी दाखवा!” मोठे साहेब हात वर करून म्हणत होते, “शांतता, शांतता, हा तांत्रिक विषय आहे.” गॅरेजवाला उठून म्हणाला, “तांत्रिक तर तांत्रिक. लॉन्ड्रीवाला बुडाला तो तांत्रिक बुडाला का?”

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू. दोन-चार जणांनी पाठीवर हातही ठेवला. “पेंटर, तुझी काय चूक, तू हुकमाचा माणूस.” सुटलो, असं वाटलं.

आणि ताई उठली.

ती बायकांच्या बाजूला बसली होती. दाजी दवाखान्यात, छातीत पाणी झालेलं. ताई सात दिवस झोपली नव्हती. ती साहेबांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

“एक विचारू का तुला?” ती म्हणाली. “रंगवत होतास तेव्हा तुला कळलं होतं का?”

आता मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. सगळे माझ्या बाजूला होते. ‘नाही’ म्हटलं असतं तर पेंटर बिचारा, साहेब चोर, एवढ्यावर मिटलं असतं. बाईंनी मला सोडवूनच ठेवलं होतं. मोठे साहेबही माझ्याकडे बघत होते. त्यांना तर ‘नाही’च हवं होतं, कारण मला काही कळलं नव्हतं तर मी कुणाला काही विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, “कळलं होतं.”

“काय?”

“कड्याला चौदा यायला हवे होते. अकरा आले. मी छोट्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कडं सरकलं असेल. मी परत चढलो आणि रंगवलं.”

“आणि मला का नाही सांगितलंस?” ताईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “दोन वर्षं दर आठवड्याला जेवायला येतोस माझ्याकडे. दोन वर्षं. मोरीतून पाणी आलं, मी तुला फोन केला, तेव्हासुद्धा ‘भोंगा झाला की बघू’? तुला माहीत होतं भोंगा उशिरा होणार!”

“विसरलो होतो ताई.”

“विसरलास.” ती खाली बसली. “ह्यांना खुर्चीला बांधलं होतं मी.”

पाठीवरचे हात निघून गेले. मी कुणाला दोष देत नाही.

छोटे साहेब बुटांच्या टोकाकडे बघत होते. मोठे साहेब पटकन म्हणाले, “बघा, पेंटरने स्वतःच कबूल केलंय! आणि असं काही विचारल्याची कुठंही नोंद नाही.” बाई फटकन म्हणाल्या, “नोंद काँक्रीटखाली आहे, जुन्या शून्यापाशी. चला, बघून येऊ.”

त्या चालायलाच लागल्या. म्हाताऱ्या बाई पुढं आणि मागं सगळं सभागृह. गॅरेजवाल्याने पहार आणली, कुणी घण आणला, कुणी तीन दिवस घरातला चिखल उपसलेलं फावडंच घेऊन आला. खांबापाशी पोचलो. फरशी दोन घावांत उडाली. खाली काँक्रीट असं की पहार मारली की भुगा. गॅरेजवाला म्हणाला, “एवढं मऊ असेल माहीत असतं तर चमच्याने उकरलं असतं.” लोक हसलेही, रडलेही. आळीपाळीने घण चालला. पोलीस आले, त्यांनी शिट्टी वाजवली. एका बाईने त्यांना विचारलं, “दादा, ही शिट्टी त्या दिवशी कुठं होती?” ते बाजूला उभे राहिले.

दीड-दोन तासांनी पिवळा रंग दिसला. नवा वाटावा इतका ताजा. आधी दोनचा आकडा. मग एक. मग सगळ्यात खाली, दगडाला टेकून, शून्य. गोल, गरगरीत, ब्रश न उचलता काढलेलं. उस्तादाचं शून्य. मी खड्ड्यात उतरलो आणि हाताने चिखल पुसला. टेप लावला. शून्यापासून कड्यापर्यंत चौदा फूट. सुताचाही फरक नाही.

मी वर बघितलं, तर खड्ड्याच्या काठावर छोटे साहेब उभे. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. ते हळूच म्हणाले, “पेंटर, मीही वर विचारलं होतं. ते म्हणाले, उद्घाटन आहे, नंतर बघू.”

मी म्हटलं, “मग हे तिकडं सभागृहात का नाही बोललात?”

ते पँटवरचा चिखल झटकायला लागले. त्यांच्या त्या सभागृहातल्या गप्प बसण्यात मला माझाच चेहरा दिसला, आणि भयंकर संताप आला. त्यांचा जास्त की माझा जास्त, ते अजून ठरत नाही.

पुढच्या आठवड्यात अहवाल आला. भिंतीवर चिकटवला होता. बाईंनी मोठ्याने वाचून दाखवला, कारण मला तो लावायला संध्याकाळ झाली असती. त्यात होतं, ‘पूरमापक पट्टीच्या आकड्यांमध्ये तांत्रिक तफावत आढळली. भविष्यात काळजी घेण्यात येईल.’ शिवाय सार्वजनिक फरशीची मोडतोड केल्याबद्दल चाळीस अनोळखी लोकांवर गुन्हा. एवढंच. पेंटर नाही, छोटे साहेब नाहीत, मोठे साहेब तर नाहीतच नाहीत. तफावत. जशी काही ही तफावत नावाची बाई कुठूनतरी आली, तीन फूट उचलून घेऊन गेली आणि आता सापडत नाही.

शेजारी मला म्हणाले, “चला पेंटर, सुटलात. नाव निघालं तुमचं.”

मी ताईकडे गेलो. दाजी घरी आले होते, पलंग चार विटांवर चढवलेला. ताई शिवणयंत्राच्या पोटातला चिखल सुईने काढत होती. सुनावणीपासून माझ्याशी बोललेली नव्हती. मी अहवालाचं सांगितलं. तफावत म्हणालो. तिने मान वर केली नाही.

“म्हणजे कुणीच नाही?” ती म्हणाली.

“कुणीच नाही.”

“लॉन्ड्रीवाला आणि त्याची आई आपोआप गेली.”

दाजी पलंगावरून काहीतरी बोलले. मला कळलं नाही. ताईला कळलं. ती म्हणाली, “ते म्हणतायत, तुझं नाव होतं तेव्हा निदान एक तरी माणूस होता.”

मी तिथून उठलो तो थेट ऑफिसात. खिडकीवर कारकून होता, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, “अहवालात माझं नाव घालायचंय.”

“काढायचंय?”

“घालायचंय.”

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. “अहो, वीस वर्षं इथं बसतोय. लोक नाव काढायला येतात. पाया पडतात.”

“मला घालायचंय. मी आकडे चुकीचे रंगवले. मला शंका आली होती. ती मी छोट्या साहेबांना विचारली. त्यांनी वर विचारली. वर म्हणाले, नंतर बघू. ह्याच क्रमाने लिहा. माझ्यापासून सुरू करा म्हणजे वरपर्यंत जाता येईल.”

कारकुनाने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “पेंटर, घरी जा. तुमच्यावर केस होईल. लायसन जाईल. सरकारी काम परत मिळणार नाही.”

“होऊ दे.”

“तसं तोंडी चालत नाही. फॉर्म भरावा लागतो.” त्याला वाटलं, फॉर्म म्हटलं की हा जाईल. चौथी पास माणूस. त्याने खणातून एक कागद काढून सरकवला. “आणि हे बघा, ‘तक्रार कुणाविरुद्ध’ ह्या रकान्यात एकच नाव बसतं.”

मी कागद घेतला. पाटीवर फूटभर अक्षर काढणारा माणूस मी. त्या चिंचोळ्या रकान्यात पेन धरून उभा राहिलो आणि पहिलं अक्षर किती बारीक काढायचं तेच ठरेना. मागची माणसं म्हणाली, “आटपा हो.”

तेवढ्यात माझ्या हातातून कुणीतरी पेन घेतलं. ताई. कधी मागं येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. हाताला यंत्राचं तेल, पदर खोचलेला.

“दाजींजवळ कोण?” मी विचारलं.

“गॅरेजवाल्याची बायको.” तिने कागद खिडकीच्या कठड्यावर सपाट केला. कारकुनाला म्हणाली, “एकच नाव बसतं ना? मग दुसरे कागद काढा. चार-पाच तरी लागतील.”

“बाई, असं करता येत नाही...”

“काढा हो. तुमच्या खालच्या मजल्यावरही पाणी आलं होतं ना?”

कारकुनाने खण पुढं ओढला आणि अख्खा गठ्ठा कठड्यावर ठेवला.

पहिल्या कागदावर ताईने माझं नाव लिहिलं. कुंचल्या नाही, शाळेतलं, आईबापांनी ठेवलेलं, पूर्ण. सगळं सावकाश लिहिलं. एक वेलांटी सोडली नाही. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पेन तसंच कागदावर टेकवून धरलं.

“हं,” ती म्हणाली, “काय कळलं होतं, कधी कळलं होतं. सांग आता.”

मी सांगायला लागलो.